गळ्यातली ग्रंथी आणि खुब्याचं हाड

४ मे १९९१, शनिवार. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, थोरले जॉर्ज बुश, कॅम्प डेव्हिडला धावायला बाहेर पडले होते. वय ६६, धावण्याची जुनी सवय. त्या दिवशी मात्र थोडं अंतर जाताच त्यांना धाप लागली, अंगातलं त्राण गेलं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा हृदयाचे ठोके ताल सोडून पडत होते. त्यांना बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हलवण्यात आलं. सगळ्यांना शंका हृदयविकाराची होती. काही दिवसांत रक्ततपासणीतून खरं कारण पुढे आलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक तयार करत होती. आजाराचं नाव ग्रेव्हज डिसीज. त्यांच्या पत्नी बार्बरा यांनाही थोड्याच काळापूर्वी हाच आजार झाला होता. बुश यांच्यावर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झाला आणि ते पुन्हा कामाला लागले.

साठी ओलांडलेल्या माणसाचा थायरॉइड बिघडला, की अनेकदा असंच होतं. दुखणं गळ्यात असतं आणि तक्रार भलत्याच अवयवाची येते. कधी हृदयाची, कधी स्नायूंची आणि पुष्कळदा हाडांची. हृदय लगेच बोलतं, त्यामुळे त्याची दखल घेतली जाते. हाडं वर्षानुवर्षं गप्प राहतात. न्हाणीघरात पाय घसरतो, खुबा मोडतो, आणि मगच कोणीतरी विचारतं, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच कसं?

तरुणपणी ओरडणारा, म्हातारपणी पुटपुटणारा

तरुण माणसात थायरॉइडचा अतिस्राव ओळखणं फारसं अवघड नसतं. हात थरथरतात, घाम येतो, भूक वाढूनही वजन उतरतं, झोप उडते. ग्रेव्हज असेल तर डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. वृद्धांमध्ये चित्र बरोबर उलटं असू शकतं. बोस्टनचे शल्यविशारद फ्रँक लाहे यांनी १९३१मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. ते अस्वस्थ नव्हते, उलट मलूल होते. चेहऱ्यावर उत्साह नाही, भूक मंदावलेली, वजन घटलेलं, स्नायू ओघळलेले. थायरॉइड जोरात चालू असूनही माणूस विझत चालल्यासारखा दिसत होता. वैद्यकात या अवस्थेला ‘अपॅथेटिक’ म्हणजे उदासीन प्रकार म्हणतात.

घरात हे बदल दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा लावला जातो. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसलेल्या आजोबांना उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. जिना चढताना आजी कठड्याला धरून मधेच थांबतात. मांड्यांचे आणि कमरेभोवतीचे स्नायू कमकुवत झाल्याची ही लक्षणं आहेत, आणि जादा थायरॉइड संप्रेरकाचा पहिला मार नेमका याच स्नायूंवर बसतो. घरचे म्हणतात, आता वय झालं. या तीन शब्दांखाली किती आजार दडपले जातात याची मोजदाद नाही.

ग्रंथी मंदावली तरी गोंधळ तोच. थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणं, घोगरा आवाज, विसराळूपणा. यातलं प्रत्येक लक्षण म्हातारपणाच्या खात्यावर सहज टाकता येतं. शिवाय वृद्धांना इतर औषधं चालू असतात. हृदयाचा ताल सुधारण्यासाठी दिलं जाणारं अमिओडॅरोन हे त्यातलं ठळक उदाहरण. त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो, आणि त्यामुळे थायरॉइड मंदही होऊ शकतो, भडकूही शकतो.

खोदणारे आणि भरणारे

थायरॉइड आणि हाड यांचं नातं प्रथम शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसलं. १८९१मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी थायरॉइडच्या अतिस्रावानं दगावलेल्या एका तरुण स्त्रीच्या हाडांचं वर्णन केलं. तिची लांब हाडं किड्यांनी पोखरल्यासारखी दिसत होती. असं का व्हावं, याचं उत्तर मिळायला मात्र विसावं शतक निम्मं उलटावं लागलं.

हाड वरून निर्जीव वाटतं, पण ते सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. हे काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाची अनेक केंद्रकांची मोठी पेशी हाडाच्या पृष्ठभागाला चिकटते आणि आपल्या कडेनं गोल बंदिस्त जागा तयार करते. त्या जागेत ती आम्ल सोडते, आम्लानं खनिज विरघळतं, मग विकरं उरलेलं कोलॅजेन कापून काढतात. तिथे मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा उथळ खड्डा पडतो. खोदकाम काही आठवड्यांत उरकतं. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी येतात. त्या आधी कोलॅजेनचा थर घालतात आणि त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट हळूहळू बसत जातं. भरणीला काही महिने लागतात. खोदाईपासून भरणीपर्यंतची एक फेरी साधारण २०० दिवसांची.

थायरॉइड संप्रेरक या फेरीचा वेग ठरवतं. ते जास्त झालं की फेरी जवळपास निम्म्या वेळात उरकली जाते. खोदाई नेहमीसारखी खोल होते, पण भरणाऱ्यांना पुरेसा वेळच मिळत नाही. पावसाळ्याआधी घाईघाईत बुजवलेल्या रस्त्यासारखी गत होते, वरून काम पूर्ण आणि आत पोकळी. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या हाडांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पाहिले, तेव्हा अतिस्रावात प्रत्येक फेरीमागे त्या जागच्या खनिजयुक्त हाडातला सुमारे दहा टक्के भाग कमी पडत असल्याचं आढळलं. उलट थायरॉइड मंद असेल, तर हीच फेरी ७०० दिवसांपर्यंत लांबते.

हाडातून सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं. रक्तातलं कॅल्शियम थोडं वाढलं, की थायरॉइडमागच्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं संप्रेरक कमी करतात. मग मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप कमी तयार होतं आणि आतड्यातून अन्नातलं कॅल्शियम कमी शोषलं जातं. लघवीवाटे मात्र ते जात राहतं. म्हणजे हाडातला साठा बाहेर पडतो आणि नवी आवकही घटते.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे स्त्रियांच्या हाडातली खोदाई आधीच वाढलेली असते. त्यात थायरॉइडची भर पडली, की एकाच हाडावर दोन्हीकडून घाव बसतात. थायरॉइडच्या आजारांचं प्रमाणही स्त्रियांतच कितीतरी जास्त. त्यामुळे साठीपुढची स्त्री ही या विषयाच्या मध्यभागी येते.

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या स्त्रियांच्या एका मोठ्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. ज्यांचं टीएसएच ०.१ किंवा त्याहून खाली होतं, म्हणजे ज्यांच्या शरीरात थायरॉइड संप्रेरकाचा अतिरेक होता, त्यांच्यात खुबा मोडण्याचा धोका सुमारे तिप्पट आणि मणका दबण्याचा सुमारे चौपट निघाला. डग्लस बाउअर आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये हे निष्कर्ष मांडले. २०१५मध्ये १३ अभ्यासांतल्या ७० हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पुन्हा हिशेब झाला. धोक्याचा आकडा तेवढा मोठा आला नाही, पण दिशा तीच राहिली. टीएसएच जितकं खाली, खुब्याची जोखीम तितकी वर.

टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी ते सोडते. रक्तात थायरॉइड संप्रेरक जास्त झालं की पीयूषिका हात आखडता घेते आणि टीएसएच उतरतं. अहवालातला कमी आकडा म्हणजे थायरॉइडचा जास्त जोर. हा उलटा हिशेब न कळल्यानं कितीतरी घरांत कमी टीएसएचचा अहवाल पाहून थायरॉइड कमी झाल्याचं समजलं जातं.

८७० मेंढ्या आणि एक गोळी

रेक्लिंगहाउझेन यांनी पोखरलेल्या हाडांचं वर्णन केलं, त्याच १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं थायरॉइड मंदावलेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. सुजलेला चेहरा उतरला, बोलणं सुधारलं, केस परत आले. पुढे तो अर्क तोंडावाटे देण्यात आला. ती बाई आणखी २८ वर्षं जगली आणि ७४व्या वर्षी, १९१९मध्ये वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या. १९१४मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन हे थायरॉइडचं संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. आज तेच रसायन कारखान्यात बनतं आणि मायक्रोग्रॅमच्या मापानं छोट्याशा गोळीतून घरोघर पोचतं.

मरेंपुढची अडचण डोस मोजण्याची होती, आणि ती पुढची अनेक दशकं टिकली. टीएसएच मोजण्याची सोय नव्हती तोवर डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधत. १९६०च्या दशकात दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत डोस दिला जाई. टीएसएचच्या बारीक तपासण्या हाती आल्यावर कळलं, की यातल्या बऱ्याच जणांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त औषध मिळत होतं. डोस उतरले. तरी प्रश्न पुरता मिटला नाही.

प्रश्न वयाचा आहे. पंचेचाळिशीत सुरू झालेली गोळी पंचाहत्तरीतही चालू असते, कारण ती जन्मभर घ्यायची असं सांगितलेलं असतं. मधल्या तीस वर्षांत शरीर बदलतं. वजन घटतं, स्नायू कमी होतात, थायरॉक्सिनचा शरीरातून निचरा मंदावतो. पूर्वी नेमका बसणारा डोस आता जास्त ठरू लागतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ७० वर्षांवरच्या, थायरॉक्सिन घेणाऱ्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोळी चालू असलेल्यांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण ती पूर्वीच बंद झालेल्यांपेक्षा जास्त दिसलं, आणि डोस वाढत गेला तसा धोकाही वाढत गेला.

यात दोष गोळीचा नाही. ज्याची ग्रंथी खरोखर बंद पडली आहे त्याला ती हवीच, आणि स्वतःच्या मनानं ती सोडणं जिवावर बेतू शकतं. मंद थायरॉइडवर उपचार झाले नाहीत तर स्नायू सुस्तावतात, हालचाली जड होतात, तोल सावरायला वेळ लागतो आणि माणूस पडतो. डॅनिश नोंदींमध्ये मंद थायरॉइडच्या रुग्णांतही निदानाच्या आगेमागे हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. धोका दोन्ही टोकांना आहे, म्हणून दर काही महिन्यांनी मोजणं महत्त्वाचं.

सत्तरीचं टीएसएच तिशीच्या मापानं

भारतात २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांचं रक्त तपासलं गेलं. जवळपास ११ टक्के लोकांत थायरॉइड मंद असल्याचं आढळलं. एवढ्या मोठ्या संख्येतले बरेच जण आता वृद्धत्वाकडे चालले आहेत, तेव्हा कोणत्या आकड्याला आजार म्हणायचं हा प्रश्न घरोघरचा आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालावर टीएसएचची वरची मर्यादा साधारण ४ ते ५ छापलेली असते, आणि ती सगळ्या प्रौढांना सरसकट लावली जाते. वय वाढतं तसं टीएसएच मुळातच थोडं वर सरकतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकड्यांत, थायरॉइडचा कोणताही आजार नसलेल्या ८० वर्षांवरच्या लोकांत नेहमीची वरची मर्यादा साडेसातच्या आसपास निघाली. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या ८५ वर्षांच्या सुमारे ६०० लोकांचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. टीएसएच जास्त असलेले वृद्ध त्यात कमी जगले नाहीत, उलट जास्त जगले.

मग किंचित वाढलेल्या टीएसएचवर गोळी द्यावी का? युरोपातल्या चार देशांत ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर याची कसून चाचणी झाली. निम्म्यांना थायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. वर्षभरानं पहिल्या गटाचं टीएसएच उतरलं होतं, थकवा आणि इतर तक्रारी मात्र दोन्ही गटांत सारख्याच होत्या. २०१७च्या या निष्कर्षांनंतर अनेक तज्ज्ञ वृद्धांत ७-८च्या टीएसएचवर लगेच गोळी लिहीत नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. गोळी द्यावीच लागली तर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमनं सुरुवात करतात आणि दीड-दोन महिन्यांनी रक्त पाहून पुढे जातात. सत्तरीपुढच्या रुग्णात टीएसएच ४ ते ६च्या दरम्यान ठेवावं, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१४मध्येच सुचवलं होतं.

शेजारच्या चार ग्रंथी

थायरॉइडच्या मागे चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. नावात थायरॉइड असलं तरी काम अगदी वेगळं. या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवतात. त्यांचा शोध एका भारतीय गेंड्याच्या शरीरात लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं. थायरॉइडला लागून असलेली एक छोटी पिवळसर गाठ त्यांनी नोंदवली. माणसातल्या या ग्रंथी स्वीडनमध्ये इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्यानं १८८०मध्ये दाखवून दिल्या.

त्या बिघडून गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्या तर काय होतं, ते चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजी कप्तानानं सोसलं. सहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाची उंची हाडं ठिसूळ होत जाऊन सात इंचांनी कमी झाली, हाडं वारंवार मोडली, मूत्रपिंडात खडे झाले. दोषी ग्रंथी शोधण्यासाठी गळ्यावर एकामागून एक सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि ती सापडली नाही. मार्टेल यांनी स्वतः शरीररचनेची पुस्तकं वाचली आणि छातीत शोध घेण्याचा आग्रह धरला. १९३२मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती ग्रंथी तिथेच, छातीच्या मध्यभागी सापडली. खड्यांच्या त्रासातून मात्र ते वाचले नाहीत.

आज हा आजार मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत, बहुतेकदा नेहमीच्या रक्ततपासणीत कॅल्शियम थोडं जास्त आल्यामुळे कळतो. तो मनगटाजवळच्या कठीण हाडाला विशेष पोखरतो. म्हणून अशा रुग्णाच्या डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीत, कंबर आणि खुब्याबरोबर हाताचं हाडही मोजतात.

सकाळच्या गोळ्यांचं वेळापत्रक

थायरॉइड आणि ठिसूळ हाडं दोन्ही असलेल्या वृद्धेची सकाळ गुंतागुंतीची असते. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि चहाआधी निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळीसुद्धा रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. दोन्ही एकदम घ्यायच्या नसतात. त्या एका दिवशी आधी अ‍ॅलेंड्रोनेट, अर्ध्या तासानं थायरॉक्सिन आणि चहा आणखी अर्ध्या तासानं, असा क्रम लावता येतो. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेवायची, कारण ती त्याला आतड्यातच धरून ठेवते. म्हणून कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घेणं सोयीचं.

ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. नेदरलँड्समध्ये २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थायरॉक्सिन रात्री झोपताना दिलं, तेव्हा टीएसएच अधिक चांगलं आटोक्यात राहिलं. जेवण लवकर होत असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर ही वेळ चालते.

ड जीवनसत्त्वाचं काय, हा प्रश्न भारतात वेगळा विचारावा लागतो. भरपूर ऊन असलेल्या या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते, आणि घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांत तर हमखास. त्याच्या जोडीला वृद्धांना दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीतून त्यातलं ३५० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. दूध, दही, ताक आणि काट्यांसकट खाल्लेले छोटे मासे उरलेली भर घालतात.

थायरॉइडचा अतिस्राव आटोक्यात आणला, की हाडाची घनता पुढच्या एक-दोन वर्षांत बऱ्याच अंशी भरून येते. त्यामुळे किरकोळ पडण्यानं मनगट, खुबा किंवा मणका मोडलेल्या प्रत्येक वृद्धाच्या तपासण्यांत डेक्सा स्कॅनच्या जोडीला टीएसएच, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची चाचणी असायला हवी. यातल्या रक्ताच्या चाचण्या एकदाच रक्त काढून होतात. आधीपासून थायरॉक्सिन चालू असेल तर डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी बरोबर न्याव्यात. गोळीचं पाकीट, म्हणजे डोस वाचता येतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांचे टीएसएच अहवाल, म्हणजे आकडा कुठे सरकतो आहे ते दिसतं. आणि सध्याच्या वजनाची नोंद, कारण तीस वर्षांपूर्वी डोस ठरवताना लिहिलेलं वजन आता बहुधा राहिलेलं नसतं.